दागिने घरीच उजळताना: मळ काढायचा, सोनं नाही

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खानदेशात लेकी माहेरी यायला लागतात आणि कपाटातले डबेही बाहेर निघतात. त्यात लग्नसराई असतेच. मग कुणीतरी पोत हातात धरून विचारतं, "काळी पडली गं, कशानं घासू?" घोळ या प्रश्नातच आहे. दागिना घासायचा नसतो, धुवायचा असतो. सोन्यावर आपल्याला जो काळेपणा दिसतो तो बहुतेक वेळा घाम, खोबरेल, पावडर, हळदकुंकू आणि कणीक यांचा मिळून बसलेला थर असतो. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की तो आपोआप सुटतो. त्याला ना टूथपेस्ट लागते, ना राख, ना रांगोळी.

हा लेख दागिने पहिल्यांदाच स्वतः स्वच्छ करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या हातात सासूबाईंनी नुकताच डबा सोपवलाय, त्यांच्यासाठी तर खासच.

घासायचं का नाही

आपण जे २२ कॅरेटचं सोनं घालतो त्यात १००० भागांत ९१६ भाग सोनं असतं आणि बाकी तांबं, चांदी वगैरे. तेवढी भेसळ असूनही ते मऊच. कठीणपणा मोजायच्या मोहस् मापावर शुद्ध सोनं अडीच ते तीनवर येतं, म्हणजे आपल्या नखाच्या आसपास. चुलीच्या राखेत आणि विटेच्या भुकटीत वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळूचा आकडा आहे सात. टूथपेस्ट दातांसाठी बनवलेली असते, आणि दातावरचं कवच सोन्यापेक्षा कितीतरी कठीण. पेस्टनं घासलेली पाटली दोन दिवस चकचकीत दिसते, पण उन्हात तिरपी धरून पाहा. केसासारख्या बारीक रेघोट्या दिसतील. पुढच्या वेळी मळ त्याच रेघोट्यांत घट्ट बसतो.

शिवाय घासताना सोनंही जातं. सराफ बाजारात पहाटे रस्ता आणि गटारं झाडून, ती धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात. दुकानातल्या घासकामात उडालेल्या कणांवर त्यांचं पोट चालतं. आपल्या मोरीतून जे वाहून जातं ते वेचायला मात्र कुणी येत नाही. आमच्याकडच्या जुन्या बाया म्हणायच्याच, "घासू नको वं माय, झिजी जाई."

आधी डबा उघडा आणि ढीग पाडा

सगळे दागिने एका भांड्यात टाकून धुण्याची घाई करू नका. जुन्या पांढऱ्या चादरीवर दागिने पसरा. चादर असली की निखळलेला मणी किंवा फिरकी लगेच दिसते. मग पाच ढीग करा: साधं सोनं (खडे नाहीत, मोती नाहीत), खड्यांचं, मोत्यांचं आणि पोवळ्याचं, चांदी, आणि एक ग्रॅमचं किंवा खोटं.

कुठला दागिना काय आहे हे कळत नसेल तर आतल्या बाजूचा शिक्का बघा. सोन्यावर हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची खूण, २००० सालापासून येऊ लागला आणि २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. नव्या दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ सारखी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. चांदीवर ९२५ असेल तर १००० भागांत ९२५ चांदी. आजीच्या डब्यातल्या वस्तूंवर यातलं काहीच नसेल, आणि त्यात काही वावगं नाही. फक्त शंका असली की तो दागिना सगळ्यात नाजूक ढिगात टाका. खऱ्याला खोट्यासारखं नाजूक समजून जपलं तर काही बिघडत नाही. उलटं केलं तर बिघडतं.

ढीग पाडतानाच एकेक दागिना कानाशी धरून हलकेच हलवा. खडखडला तर खडा किंवा मोती सैल आहे. तो धुवायचा नाही, सराफाकडे न्यायचा.

साधं सोनं: पाटल्या, तोडे, चेन, टॉप्स

लागणारं सामान सगळं स्वयंपाकघरात आहे: एक काचेचा किंवा स्टीलचा खोलगट वाडगा, कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, चहाची गाळणी, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा असेल तर उत्तमच. त्याच्यासारखं कापड बाजारात विकत मिळत नाही.

लिक्विड नको असेल तर रिठे घ्या. चार-पाच रिठे फोडून बी काढा, सालं रात्रभर वाटीभर पाण्यात भिजत घाला, सकाळी दहा मिनिटं उकळा, गाळा, आणि हाताला सोसेल एवढं कोमट होऊ द्या. रिठ्याचा फेस हा नैसर्गिक साबणच. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाचा पांढरा चिकट साका दागिन्यावर बसतो, तसा रिठ्याचा बसत नाही. म्हणून अंगाची वडी दागिन्यांना वापरूच नका.

आता क्रम असा:

१. वाडग्यात कोमट पाणी आणि लिक्विड (किंवा रिठ्याचं पाणी) घ्या. दागिने १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. मळ फारच जुना असेल तर पाणी बदलून आणखी एकदा.

२. ब्रश पाण्यात भिजवून नुसता फिरवा, दाबू नका. नक्षीच्या खाचा, कडीचे सांधे आणि टॉप्सच्या फिरकीची आतली बाजू, इथेच सगळा मळ असतो. फिरकी वेगळी काढून धुवा. कानाला येणारा तो आंबूस वास तिथलाच असतो.

३. धुतलेला दागिना गाळणीत ठेवून दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात दोनदा बुचकळा. बेसिनच्या नळाखाली धरू नका. हातातून निसटलेली फिरकी जाळीतून खाली गेली की पाइप उघडण्याशिवाय इलाज नाही.

४. शेवटचं बुचकळणं पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात करा. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी एवढं क्षारयुक्त असतं की वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात, आणि दागिना धुतल्यावर जास्तच मळका दिसतो. पावसाळ्यात पागोळ्याचं पाणी धरलं तर त्याहून चांगलं काही नाही.

५. कापडावर टिपून घ्या, मग सावलीत, पंख्याखाली तासभर पसरून ठेवा.

तोड्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या घरांत ते हातातून निघतच नाहीत. मांड्यांची कणीक मळणं हे काही साध्या पोळ्यांचं काम नाही. सैल, ताणणारी, तेलपाण्याची कणीक, आणि हात कोपरापर्यंत त्यात. ती गहू तोड्याच्या (गव्हाच्या दाण्यांसारखी नक्षी असलेल्या तोड्याच्या) दाण्यांमधल्या फटीत शिरते, वाळते, त्यावर पुढच्या आठवड्याचा थर चढतो, आणि शेवटी फटी राखाडी दगडासारख्या दिसतात. सुईनं कोरून काढायचा मोह होतो, पण सुईचं टोक सोन्यावर कायमचा ओरखडा काढतं. त्याऐवजी तोडे कोमट पाण्यात तासभर ठेवा. कणीक फुगते, मऊ होते आणि ब्रशच्या एका फेऱ्यात लांब धाग्यासारखी बाहेर येते. तरी उरलीच तर उदबत्तीची काडी किंवा दातकोरण्याचं लाकडी टोक ओलं करून वापरा. आणि खरं तर मांडे करायला बसण्याआधी तोडे काढून डब्यात ठेवावेत.

हळदीबद्दलही सांगायला हवं. सोन्याला हळद चोळली की ते पिवळंधमक दिसतं, म्हणून अनेक घरांत हा उपाय चालतो. हळदीनं मळ निघत नाही, तिचा रंग खाचांत बसतो. दिसायला बरं दिसतं, नुकसान काही नाही, पण त्याला स्वच्छता म्हणता येणार नाही.

पोत आणि बोरमाळ

पोतीच्या वाट्यांची आतली बाजू उलटून बघा. कुंकू, तेल आणि घामाचा लालसर काळा थर तिथे हमखास असतो. वाट्या कोमट साबणपाण्यात बुडवून ब्रशनं साफ करता येतात. पण पोत तारेत गाठवलेली आहे की दोऱ्यात, हे आधी पाहा. तारेतली असेल तर सगळी भिजवली तरी चालते. दोऱ्यातली असेल तर फक्त वाट्याच वाडग्यात सोडा आणि मणी ओल्या कापडानं पुसा. दोरा एकदा आतून ओला झाला की लवकर वाळत नाही, कुजतो, आणि एक दिवस बाजारात चालता चालता तुटतो. दोरा काळा आणि लिबलिबीत झाला असेल तर स्वच्छ करत बसू नका, पटवेकऱ्याकडून नव्यानं गाठवून घ्या.

बोरमाळ, वज्रटीक असे जुने दागिने वरून भरीव दिसतात, पण पुष्कळदा ते पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. लाख उष्णतेनं मऊ पडते. पाणी उकळायच्या कितीतरी आधीच. गरम पाण्यात टाकलेल्या बोरमाळेच्या भोकांतून तपकिरी चिकट द्रव बाहेर आला की समजा आतला आधार गेला. मग मणी चेपतात. अशा दागिन्यांना फक्त किंचित ओलं कापड आणि लगेच कोरडं कापड. जळगावचा मे महिना ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा असा डबा गच्चीवरच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

नथ आणि इतर मोती

मोती आणि पोवळं हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे रसायनाच्या भाषेत खडूचे भाऊबंद. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक असं काहीही आंबट लागलं तर वरचा थर विरघळायला लागतो आणि चमक गेली की परत येत नाही. खायचा सोडाही नको, त्यानं मोती घासला जातो. मोत्याला भिजवणंही नको.

मऊ कापडाचा कोपरा फिल्टरच्या पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि मोती एकेक करून पुसा. नथीत मोती सोन्याच्या तारेत ओवलेले असतात. तार वाकली की मोती फिरायला लागतात, म्हणून पुसताना नथ तळहातावर आडवी ठेवा, हवेत धरून ओढू नका. श्रावणात कानबाईला (खानदेशातली घरोघरी बसवली जाणारी देवी) नथ घालायची असेल तर आदल्या दिवशी पुसून ठेवा. स्थापनेच्या सकाळी, रोटांच्या नैवेद्याची गडबड सुरू असताना हे नाजूक काम कुणाच्यानं होत नाही.

मोत्यांना एक गोष्ट चालत नाही आणि एक लागते. अत्तर, स्प्रे, क्रीम चालत नाही. थोडा दमटपणा लागतो, म्हणून ते वर्षानुवर्षं हवाबंद डब्यात कोंडून ठेवण्यापेक्षा अधूनमधून घातलेले बरे.

खडे

हिऱ्याला तेल फार चटकन धरतं. अंगठीतला हिरा निस्तेज दिसतो तो बहुतेक मागच्या बाजूला बसलेल्या तुपातेलामुळेच. कोमट पाणी, लिक्विड, आणि ब्रश खालच्या बाजूनं, बस. माणिक, नीलम पक्के बसवलेले असतील तर तेवढंच थोडक्यात. पाचू बऱ्याचदा तेल मुरवलेला असतो, म्हणून गरम पाणी नको. फिरोजा, ओपल आणि कुंदन पाण्याखाली धरायचेच नाहीत. कुंदनात खड्यामागे चकाकणारा पातळ पत्रा असतो. पाणी आत गेलं की खडा काळा दिसतो, आणि मग तो दागिना उघडूनच दुरुस्त करावा लागतो.

चांदी

आता मजेचा भाग. चांदीचा काळेपणा हा मळ नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीची गाठ पडली की तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा थर येतो: आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. कांदा, लसूण, अंडी, रबर, लोकरी कपडे या सगळ्यांत गंधक असतं. पैंजणांना रबरबँड लावून ठेवण्याची सवय मोडायला एवढं पुरे.

साबणानं हा थर जात नाही, म्हणून लोक दंतमंजन चोळतात. त्यानं चांदी पांढरी होते, पण काळ्या थराबरोबर त्यात अडकलेली चांदीही निघून जाते. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा उपाय याहून कितीतरी चांगला, कारण त्यात ॲल्युमिनियम गंधक स्वतःकडे ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते.

आधी पैंजण साबणपाण्यात धुऊन तेल घालवा, नाहीतर पुढचं काम डागाडागानं होईल. मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्याच्या तळाशी फॉइल अंथरा. फॉइलची कुठली बाजू वर, याला महत्त्व नाही. चांदी फॉइलला टेकलेली असणं मात्र गरजेचं आहे, अधांतरी राहिली तर काही होणार नाही. एक लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवा, त्यात मोठा चमचा खायचा सोडा आणि लहान चमचा मीठ टाका. सोड्यानं पाणी फसफसतं, म्हणून मोठं भांडं घ्या आणि हळू ओता. खायचा सोडाच हवा. धुण्याचा सोडा किंवा पापडखार नको, ते त्वचेला आणि धातूला फार तिखट.

पाणी चांदीवर ओतलं की बारीक बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. घाबरू नका, तो गंधकाचाच वास आहे, खिडकी उघडी ठेवा. दोन मिनिटांत साखळीच्या कड्या कडेकडेनं पांढऱ्या व्हायला लागतात, आणि फॉइलवर जिथे त्या टेकल्या होत्या तिथे काळे-तपकिरी ठसे उमटतात. लहान मुलांना दाखवा, शाळेत शिकवलेली धातूंची क्रियाशीलता त्यांना डोळ्यांसमोर दिसेल. पाच मिनिटांत काम होतं. फारच काळी असेल तर नवी फॉइल आणि ताजं पाणी घेऊन पुन्हा करा. चिमट्यानं काढा, धुवा, टिपा. घुंगरांच्या आत पाणी राहतं, म्हणून पैंजण उलटे टांगून वाळवा.

एवढं करूनही चांदी पांढरी झाली नाही आणि गुलाबी-पिवळट दिसली, तर तिच्यात तांबं जास्त आहे किंवा ती गिलटाची आहे. बाजारात कमी चांदीची पैंजणं भरपूर असतात, आणि घरच्या कोणत्याही उपायानं त्यांची शुद्धता वाढत नाही. लिंबू-चिंच हे मुळात तांब्या-पितळेचं औषध. देवघरातल्या समया त्यांनी खुशाल उजळा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. सातपुड्याकडच्या, अक्राणी-अक्कलकुव्याच्या भिल्ल आणि पावरा बायकांच्या जुन्या चांदीच्या वस्तू तुमच्याकडे असतील, तर त्यांना फॉइलचं पाणी अजिबात दाखवू नका. त्यांच्या नक्षीच्या खाचांतला काळेपणा ही त्यांची शोभा आहे. उंच भाग पांढरा आणि खोल भाग काळा असेल तरच ते काम उठून दिसतं. फॉइलच्या पाण्यातून तो दागिना सपाट, पांढराफटक, काल कारखान्यातून आल्यासारखा निघतो. असा दागिना फक्त कोरड्या सुती कापडानं पुसा. उंच भाग आपोआप उजळतात. हल्ली बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांनाही हाच नियम.

एक ग्रॅमचं आणि खोटं

यावरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की साबणाच्या ब्रशनंही जातो. काढल्यावर घाम पुसायचा आणि कोरडं ठेवायचं, याखेरीज काही नाही.

हे वापरू नका

संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीच आणि कपड्यांचं जंतुनाशक दागिन्यांपासून लांब ठेवा. त्यातलं ॲसिड आणि क्लोरिन सोन्यात मिसळलेल्या इतर धातूंवर आणि झाळलेल्या जोडांवर हल्ला करतं, कमी कॅरेटच्या दागिन्यांवर तर जास्तच. पोहायला जाताना अंगठी घरी ठेवावी ती याचसाठी. जुना थर्मामीटर फुटून सोन्याला पारा लागला असेल तर ते जागच्या जागी पांढरं पडतं. ते घासू नका आणि गॅसवर तर मुळीच धरू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. बंद डबीत घालून थेट सराफाकडे न्या आणि काय झालंय ते स्पष्ट सांगा.

परत ठेवताना

पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात काही जाता कामा नये. सराफ देतात त्या गुलाबी कागदाचा रंग दमट दागिन्याला लागतो. एका पिशवीत एकच दागिना ठेवा. हिऱ्याची अंगठी आणि सोन्याची चेन एकत्र ठेवली तर हिरा चेनेवर रेघा मारतो. चांदी झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, सोबत पांढऱ्या खडूचा तुकडा किंवा औषधाच्या बाटलीतली सिलिका पुडी टाका, ती ओल धरते. कापूस नको, तो दमटपणा साठवतो.

रोजच्या वापरातल्या दागिन्यांना महिन्यातून एकदा वाडग्यातलं कोमट पाणी पुरे. सणासुदीचे दागिने घालून झाल्यावर पुसले की पुढच्या सणाला धुवावेच लागत नाहीत.

सराफाकडे कधी

खडा सैल, कडी झिजलेली, तार वाकलेली, सोन्यावर न धुतले जाणारे लाल-काळे डाग, किंवा लाखेचा दागिना आतून वाजतोय, ही कामं घरची नाहीत. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही. धुळ्या-नंदुरबारपासून माणसं तिथल्या सराफ बाजारात येतात, आणि चांगला कारागीर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. उजाळा द्यायला दागिना देताना तुमच्यासमोर वजन करून ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि परत घेतानाही काट्यावर ठेवायला सांगा. पॉलिशमध्ये थोडं वजन कमी होतंच, किती कमी होईल ते आधी विचारा.

पण दुपारी घरी बाईमाणूस एकटं असताना "मावशी, दागिने चकाचक करून देतो, पैसे नकोत" म्हणत दारात येणाऱ्या पावडरवाल्याला उंबरठ्याच्या आत घेऊ नका. आधी ते तुमचं पितळेचं भांडं किंवा पैंजण उजळून दाखवतात, मग बांगड्या मागतात. त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात तीव्र ॲसिडं असतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र केलं की सोनं विरघळतं, आणि ते त्याच भांड्यातून घेऊन जातात. दागिना तुमच्या हातात परत येतो, चकचकीतही असतो, फक्त हलका झालेला असतो. कधीकधी हळद टाकलेल्या डब्यात "अर्ध्या तासानं उघडा" सांगून जातात, आणि उघडल्यावर आत काहीच नसतं. असं कुणी गल्लीत फिरताना दिसलं तर शेजारच्या दारांवर थाप मारून सांगा आणि ११२ ला फोन करा.